कमरेएवढी ओढ

डॉक्टरांच्या फायलीत पेशंटचं वजन असतं, बीपी असतं, कोणत्या दिवशी किती गोळी दिली ते असतं. पेशंट काय बोलला, ते मात्र कुठंच नसतं. मग ते सगळं माझ्याकडं येऊन पडतं. इतकं पडलंय की हल्ली भाजी निवडता निवडता मी एकटीच हसते, आणि आमचे मिस्टर पेपरातून डोकं वर न काढता विचारतात, "वाडीवरचं का?"

वाडी म्हणजे कातकऱ्यांची. दासगावच्या बाजूला खाली गाव आहे, गावाच्या मागं चढ आणि चढ संपला की वाडी. तिचं नाव सांगत नाही. माणसांची नावंही बदलून सांगते, कारण विषय नाजूक आहे.

वाडीतली माणसं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात, पावसाच्या तोंडाला परत येतात. एका भट्टीवरच्या मुकादमानं त्यांना पाठदुखीवर कॅप्सूल द्यायला सुरुवात केली. त्याला तो 'ताकदीची गोळी' म्हणायचा. घेतली की पाठ दुखायची नाही, भूक लागायची नाही, दिवसभर विटा उचलता यायच्या. घरी परतल्यावर कळलं, आता गोळीवाचून उठताच येत नाही. अंग ठणकायचं, नाकाडोळ्यांतून पाणी, जुलाब, झोप नाही. कुणी म्हणालं बाहेरची बाधा, कुणी म्हणालं करणी. आमच्या डॉक्टरांनी सांगितलं, हे अफूच्या जातीचं औषध आहे आणि ह्या सवयीवर उपचार आहे.

डॉक्टर साताऱ्याकडचे, तिशीच्या आतले. त्यांच्याबरोबर एक सिस्टर आणि मी. रोज सकाळी महाडहून मिनिडोर रिक्षानं निघायचं आणि वाडीतल्या अंगणवाडीच्या ओट्यावर औषधाची कुलूपबंद पेटी घेऊन बसायचं, हा आमचा दवाखाना.

*

माझं पद 'समन्वयक'. ऑर्डरवर तसंच लिहिलंय. पहिल्या दिवशी मी वाडीत हे मोठ्या रुबाबात सांगितलं.

समोर रखमीबाय बसली होती. साठीची असेल. वाडीत तिचा शब्द चालतो. तिचा मुलगा पांडू आमचा पहिला पेशंट. ती म्हणाली, "समन्वयक म्हंजे काय करतीस गो?"

मी समजावलं. डॉक्टर एकीकडं, पेशंट दुसरीकडं, सरकार तिसरीकडं. ह्याचा निरोप त्याला पोचवायचा, त्याची अडचण ह्याला सांगायची, कुणी रुसून बसलं तर समजूत काढायची, सगळ्यांना एका जागी आणायचं.

तिनं नीट ऐकून घेतलं. मग मागं वळून बायकांना म्हणाली, "लग्नं जुळवनारी हाय."

तेव्हापासून वाडीत माझं नाव 'मध्यस्थ बाय'. परवा एकीनं खरोखरच पोरीसाठी स्थळ विचारलं. मी चौकशी करून ठेवलीय.

*

आमची गोळी जिभेखाली ठेवायची असते. ती आपोआप विरघळते, त्याला साधारण दहा मिनिटं लागतात. तेवढा वेळ गिळायचं नाही, पाणी प्यायचं नाही आणि बोलायचं नाही. सिस्टर समोर बसून बघते.

बारक्या म्हणून एक पेशंट होता. झोप सोडली तर हा माणूस कधी गप्प नसायचा. भट्टीवर त्याला शेवटच्या रांगेत लावायचे, नाहीतर सगळी रांग त्याच्या गोष्टी ऐकत उभी राहायची.

त्यानं पहिल्या दिवशी गोळी ठेवली आणि डोळे मोठे करून बसला. दुसऱ्या दिवशी शेजारच्या चार बायका येऊन ओट्यासमोर उभ्या राहिल्या. आठवड्यानं निम्मी वाडी. मला वाटलं, चला, उपचाराबद्दल लोकांना आस्था वाटायला लागली. मी डॉक्टरांना तसं म्हणालेसुद्धा.

सगळ्यांत पुढं बारक्याची बायको हिरी बसायची. घरातलं काम टाकून यायची, मांडी घालून नवऱ्याकडं बघत राहायची. महिनाभरानं डॉक्टरांनी तिला विचारलं, "काय हिरीबाई, फरक वाटतो का?"

"लय वाटतो," हिरी म्हणाली. "डाक्टर, ही धा मिन्टांची हाय. वीस मिन्टांची येत नाय काय?"

*

आमच्या फॉर्मवर एक प्रश्न आहे: ओढ किती? म्हणजे जुन्या गोळीची तलफ किती येते. शून्य ते दहामध्ये आकडा सांगायचा.

डॉक्टरांनी पांडूला विचारलं. पांडू आधीच कमी बोलणारा. तो म्हणाला, "धा म्हंजे केवढी?"

"सगळ्यात जास्त."

"कुनाच्या सगल्यात?"

डॉक्टरांनी फॉर्म उलटून बघितला. पांडूनं बराच विचार केला आणि मग त्यानंच विचारलं, "नदीची वढ असती, तशी काय?"

"हां, तशीच समज."

"मंग सकाली कमरेएवढी. दुपारी गुडघ्याएवढी. सांजच्याला काम नसलं तर गल्यापर्यंत येती, तवा पाय सुटतात."

इतक्या दिवसांत इतकं स्पष्ट कुणी सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनी त्याच दिवशी कागदावर माणसाचं एक चित्र काढलं आणि त्याच्यावर रेघा मारल्या: घोटा, गुडघा, कंबर, गळा. मग कुणालाच आकडा विचारावा लागला नाही. माणसं यायची, चित्रावर बोट ठेवायची, गोळी घ्यायची.

पुढं जिल्ह्याहून एक साहेब तपासणीला आले. फायली चाळताना त्यांच्या कपाळावर आठ्या चढत गेल्या. 'पांडू: कंबर.' 'बारक्या: गुडघा, सुधारणा, आता घोटा.' शेवटी त्यांनी चष्मा काढला.

"डॉक्टर, ही हाडांची ओपीडी आपण कधी सुरू केली?"

*

गटचर्चा नावाचा एक प्रकार असतो. पेशंट गोल करून बसतात आणि मनातलं बोलतात. आमच्याकडं गोल बसायला सगळे तयार होते, बोलायला कुणी नाही. सलग तीन गुरुवार आम्ही एकमेकांचे पाय बघून परत आलो. तिसऱ्या गुरुवारी बारक्यासुद्धा गप्प होता, आणि त्या वेळी त्याच्या जिभेखाली काही नव्हतं.

चौथ्या गुरुवारी रखमीबाय म्हणाली, "मानसं रिकाम्या हातानं कशी बोलतील? हाताला काम दे." तिनं मध्यभागी पाण्याची घमेली ठेवली आणि सकाळीच पकडून आणलेले खेकडे टोपलीभर आणून दिले. साफ करायला.

डॉक्टरांना वाटलं, आपणही करावं. त्यांनी टोपलीत हात घातला आणि एका मोठ्या नांगीनं त्यांचं बोट धरलं. डॉक्टर हात झटकू लागले. जितकं ओढतील तितकी नांगी घट्ट.

"वढू नको," पांडू म्हणाला. "वढलंस की तो जास्त धरतो. पान्यात हात ठेव, गप ऱ्हा. तो आपला आपन सोडतो."

डॉक्टरांनी घमेल्यात हात ठेवला. थोड्या वेळानं खेकड्यानं खरंच बोट सोडलं.

डॉक्टरांचे डोळे चमकले. बोटातून रक्त येत होतं, तरी त्यांनी वही काढली. म्हणाले, "पांडू, किती मोठी गोष्ट बोललास. व्यसनाचं अगदी असंच असतं. झटापट केली की ते घट्ट धरतं."

पांडूनं हातातला खेकडा उलटा केला. "मी खेकड्याचं बोल्लो," तो म्हणाला.

त्यावर पहिल्यांदा सगळे हसले. हसता हसता बारक्यानं सुरुवात केली, भट्टीवर पहिली गोळी कशी घेतली ते. मग दुसऱ्यानं. मग ज्याच्या तोंडून मी महिनाभर 'हूं' पलीकडं काही ऐकलं नव्हतं, त्यानंही. टोपली रिकामी झाली तरी कुणी उठलं नाही.

*

आता जरा वेगळी गोष्ट. ती कॅप्सूल भट्टीवरच मिळायची असं नाही. तालुक्याच्या एका बाजारात एक दुकानदार चिठ्ठीशिवाय द्यायचा. आम्ही तक्रार केली होती, कागद पुढं सरकत होता. कागद सरकेपर्यंत आमची माणसं त्या दुकानापर्यंत पोचत होती.

रखमीबायनं मला काही विचारलं नाही. बाजाराच्या दिवशी ती सात-आठ बायका घेऊन गेली. मला कळलं तेव्हा मी धावत गेले, म्हटलं आता भांडण होणार, पोलीस येणार.

तिथं काहीच आरडाओरडा नव्हता. बायका दुकानाच्या पायरीवर शांत बसल्या होत्या. रखमीबाय काउंटरपाशी उभी होती.

"ती ताकदीची गोली दे."

दुकानदारानं इकडंतिकडं बघितलं आणि एक पाकीट काढून ठेवलं. रखमीबायनं त्यातली एक कॅप्सूल बाहेर काढली आणि तळहातावर ठेवून त्याच्याच पुढं धरली.

"घे. तू खा."

"मी कशाला?"

"दिसभर हुबा असतोस बाबा. तुझे पाय दुकत असतील. माझ्या पोराचे दुकायचे, त्याला तू दिलीस. आता मी तुला देते."

तो "नको, नको" म्हणत मागं सरकला. गिऱ्हाइकं थांबून बघायला लागली. रखमीबायचा हात तसाच. आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. आईनं घास धरावा तसा हात धरून उभी होती.

"का नको? चांगली नाय काय?"

त्यानं काउंटरवरचं पाकीट उचलून खणात टाकलं. त्यानंतर त्या दुकानात आमच्या कुठल्याच माणसाला ती कॅप्सूल मिळाली नाही. कागद पुढं पोचला तो नंतर.

*

सगळं असं सरळ चाललं असतं तर माझी गरजच काय होती.

पांडू पाच महिने नीट होता. मग पोलादपूरच्या वरच्या अंगाला नात्यातल्या लग्नाला गेला आणि आलाच नाही. एक दिवस, दोन दिवस, चार दिवस. तिकडून कुणीतरी निरोप आणला, पांडूनं परत घेतली.

रखमीबाय आणि मी एसटीनं पोलादपूरला गेलो, तिथून चालत वर. नातेवाईक म्हणाले, सकाळी होता, तुम्ही येताय कळलं तसा गेला. शोधून शोधून सापडला तो एका आंब्यावर, पार शेंड्याच्या फांदीवर. कातकऱ्याचं पोर, झाडावर चढलं की कोण उतरवणार?

मी खालून सगळं बोलले. ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं सगळं. परत घेतली जाणं हा उपचाराचाच भाग असतो, कुणी रागावणार नाही, डॉक्टर वाट बघतायत. वर पानं हलत होती. तो रडत होता.

रखमीबाय बुंध्याला टेकून बसली. फडकं सोडलं, भाकरी आणि सुकट काढली आणि खायला लागली. मला वाटलं, हिला काही वाटतं की नाही. मग बघितलं, तिनं भाकरी मधोमध मोडून अर्धी बाजूला ठेवली होती.

अर्धी भाकरी खाऊन झाल्यावर ती वर न बघता म्हणाली, "रडायचं तेवढं वरच रडून घे रे. खाली आलास की जेवायचं हाय."

किती वेळ गेला, सांगता येत नाही. पांडू उतरला. आईनं उरलेली अर्धी भाकरी त्याच्यापुढं केली. त्यानं ती तिथंच बसून खाल्ली.

दुसऱ्या दिवशी मी त्याला डॉक्टरांपुढं बसवलं. डॉक्टर काय म्हणतील ह्याची मला धास्ती होती. त्यांनी नेहमीचा कागद पुढं सरकवला आणि नेहमीचंच विचारलं, "ओढ किती?"

पांडूनं चित्रावर बोट फिरवलं. गळ्याच्या रेघेपाशी थांबला, आणखी वर गेला. "नाकावरनं पानी जातं," तो म्हणाला.

आमच्या चित्रात गळ्याच्या वर रेघच नव्हती. डॉक्टरांनी खिशातलं पेन काढलं आणि डोक्याच्याही वरून एक रेघ मारली. मग पांडूला म्हणाले, "आता इथून खाली यायचं."

तो आला. वेळ लागला, पण आला. आज तो आमचा 'साथी' आहे. नवा पेशंट आला की पहिले आठ दिवस पांडू त्याच्याबरोबर असतो.

*

दिवाळीनंतर भट्टीचा हंगाम सुरू झाला. बारक्याला जावंच लागणार होतं. त्या वेळी तो दुसऱ्या भट्टीवर निघाला होता, पनवेलच्या पलीकडं. गोळी मध्येच तुटायला नको म्हणून तिथल्या केंद्राला डॉक्टरांनी पत्र दिलं: ह्या पेशंटला पुढची गोळी तुमच्याकडून मिळावी. खाली सही, शिक्का.

बारक्यानं विचारलं, "ह्यात काय लिवलंय?"

मी सांगितलं, "तुला ह्या केंद्रातून त्या केंद्रात पाठवतायत."

"म्हंजे माझी बदली झाली."

वाडीत आजवर कुणाची बदली झाली नव्हती. बदल्या गुरुजींच्या होतात, तलाठ्याच्या होतात. बारक्या पत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून घरोघर दाखवून आला. शाळेत गेला आणि गुरुजींना म्हणाला, "तुमची कंदी हाय?" संध्याकाळी निरोप समारंभ झाला. नारळ दिला, गुरुजींनी दोन शब्द सांगितले, आणि बारक्या उत्तरादाखल इतका वेळ बोलला की डॉक्टरांनी माझ्या कानात विचारलं, एक गोळी आत्ताच देता येईल का.

सगळे पांगल्यावर हिरी माझ्याकडं आली. चेहरा उतरलेला.

"बाय, बदलीच्या कागदात माझं नाव नाय."

"तुझं कशाला? तू त्याच्याबरोबर जातेच आहेस."

"तसं नाय. गुरुजी सांगत हुते, नवराबायकोला एका जागी द्यायचा नियम हाय. मंग माझं नाव पायजे."

मी तिला समजवायला तोंड उघडलं, तेवढ्यात डॉक्टरांनी पत्र मागून घेतलं. शिक्क्याच्या खाली पेननं लिहिलं: 'पत्नी हिरी सोबत येत आहे. गोळी घेताना ती समोर बसल्यास उपचारास मदत होते.' आणि परत सही केली.

हिरीनं ते मला दोनदा वाचायला लावलं.

*

खालच्या गावात नाना कदम राहतात. मोठे शेतकरी, भाताची जमीन, गावात मान. पांडूचे वडील त्यांच्याकडं राबले, पांडूही राबला. त्यांच्या अंगणापलीकडं वाडीतलं कुणी कधी गेलं नाही.

एका सकाळी नाना महाडला माझ्या घरी आले. बराच वेळ पावसापाण्याचं बोलले. मग म्हणाले, "आमच्या सागरला तुमची ती गोळी हवी."

सागर त्यांचा एकुलता मुलगा, पंचविशीचा. कंपनीत होता. बाइकवरून पडून पाय मोडला, दुखायचा म्हणून कुणी दोस्तानं त्याच कॅप्सूल दिल्या. पाय कधीच बरा झाला होता. कॅप्सूल राहिल्या होत्या. नोकरी गेली होती. त्याची आई त्याच्या खोलीबाहेर चटई टाकून झोपत होती.

"गोळी घरी पाठवा," नाना म्हणाले. "तो वाडीवर येणार नाही. गाव काय म्हणेल?"

मी सांगितलं, गोळी सिस्टरसमोरच घ्यावी लागते, घरी देता येत नाही. आणि पहिले आठ दिवस पांडू बरोबर राहील.

"पांड्या?" नाना म्हणाले. चहाचा कप उचलला, न पिताच खाली ठेवला. शेवटी म्हणाले, "लोकांना काय सांगायचं?"

तो प्रश्न पांडूनं सोडवला. दुसऱ्या दिवशी पहाट सरताच तो मासे धरायचं जाळं खांद्यावर टाकून नानांच्या अंगणाच्या कडेला उभा राहिला आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी हाक मारली, "सागरदादा, चल, मासे धरायला शिकायचं म्हनलावतास ना?"

दोघं चढ चढून वर आले. सागरनं गोळी घेतली. मग खरंच नदीवर गेले, कारण रिकाम्या हातानं परतून चाललं नसतं. आठ दिवसांचं ठरलं होतं, ते महिन्यावर गेलं. पांडूचं म्हणणं, सकाळची वेळच वाईट असते, ती पाण्यात काढलेली बरी. सागरच्या आईनं मला सांगितलं, पोरगं आता झोपतं, जेवतं, फक्त घरात रोज मासे असतात.

गावात चर्चा झालीच. चहाच्या टपरीवर एकानं नानांना हटकलं, "नाना, सागर कातकऱ्यांच्या मागं जाळं घेऊन फिरतो म्हणे?"

नानांनी बशीतला चहा संपवला. "फिरत नाय," ते म्हणाले. "शिकतोय."

मग एक दिवस पांडू तापानं आजारी पडला. निरोप खाली गेला. मी मनात म्हटलं, आज सागर येत नाही. आणि बघते तर चढावरून सागर येतोय आणि त्याच्या पुढं नाना. डोक्यावर टोपी, अंगात धुतलेला सदरा, चढानं धाप लागलेली. सागरनं गोळी घेतली, दहा मिनिटं बसला. नाना ओट्यासमोर उभेच होते. गोळी संपल्यावर मुलाला घेऊन ते थेट समोरच्या पांडूच्या झोपडीकडं गेले.

पांडू दारात गोधडी गुंडाळून बसला होता. नानांना बघून उठायला लागला.

"बस," नाना म्हणाले. "पांडू, जाळं दे. आज ह्याला मी नेतो नदीवर."

"नाना, तुला येतं काय टाकायला?"

"नाय. म्हणून तर आलो. दाखव."

पांडूनं बसल्या जागेवरून हातानं करून दाखवलं. एक घडी खांद्यावर, एक काठ दातांत, अंग वळवायचं, सोडताना मनगट सैल. नानांनी टोपी काढून सागरकडं दिली. जाळ्याचा काठ दातांत धरला. आम्ही सगळे ओट्यावरून बघत होतो. नानांनी अंग वळवलं आणि पांडूच्या अंगणात जाळं फेकलं.

जाळ्यात रखमीबायची कोंबडी सापडली.